दहा तासांचे दोन खटले: लॉकनर आणि मलर

कामाला दिवसाची मर्यादा दहा तासच, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या अंतराने दोन उलटे निकाल दिले. १९०५ च्या लॉकनर खटल्यात न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला. मालक आणि मजूर यांच्या करारात सरकारने पडू नये, हे कारण. भट्टीपुढे रात्र काढणारा मजूर मालकाशी घासाघीस कशी करणार, हे बहुमताला दिसलेच नाही.

१९०८ च्या मलर खटल्यात प्रश्न ओरेगॉनमधल्या लाँड्रीत राबणाऱ्या बायकांचा होता. वकील लुई ब्रँडाइस यांनी दहा तासांच्या कायद्याच्या बाजूने शंभरावर पानांचे निवेदन दिले. त्यात कायद्याचा काथ्याकूट जेमतेम दोन पानांचा, बाकी सगळे डॉक्टरांचे आणि कारखाना निरीक्षकांचे अहवाल. ते जमवले कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या जोसेफिन गोल्डमार्क आणि फ्लॉरेन्स केली यांनी. (नाव मात्र आजही ब्रँडाइस यांचेच घेतात.) कायदा एकमताने टिकला.

डावपेच म्हणून मलर सरस, पण युक्तिवाद म्हणून मला तो खटकतो. बाई दुबळी, तिला आई व्हायचे आहे, म्हणून संरक्षण! याच आधारावर पुढे बायकांना रात्रपाळीतून वगळले गेले. पुरुष कामगारांच्या दहा तासांना न्यायालयाची मान्यता मिळाली ती १९१७ मध्ये, बंटिंग खटल्यात.