‘लॅक्टोबॅसिलाय आढळले’ असे सांगून माझ्याकडून ७,८०० रुपये उकळले

तापीकाठच्या आमच्या गावात भरलेल्या महिला आरोग्य शिबिरात अंगावरून पांढरे जाण्याच्या तपासणीचे ३५० रुपये, ‘शुद्धी संचा’चे ४,८०० आणि ‘यजमानांनाही लागण असणारच’ म्हणून दुसऱ्या संचाचे २,६५०, असे एकूण ७,८०० रुपये माझ्याकडून घेण्यात आले.

नमुना घेतल्यावर अर्ध्या तासात त्यांनी कल्चरचा अहवाल हातात ठेवला. जंतू वाढवून पाहायला किमान एक-दोन दिवस लागतात. लबाडी तिथेच उघडी पडली होती, आणि तो क्षण आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. अहवालात पीएच (आम्लतेचे माप) ४.२ होता, यीस्ट (बुरशी), ट्रायकोमोनास (एक परजीवी), क्लू सेल्स (जिवाणूंचा तोल बिघडल्याची खूण असलेल्या पेशी) यांपैकी काहीही नव्हते, तरीही ‘लॅक्टोबॅसिलाय भरपूर’ या ओळीखाली लाल रेघ ओढून, हे जंतू पिशवीपर्यंत चढतील आणि कर्करोग होईल, असे मला बजावले गेले. वास्तविक हेच जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून योनीमार्गाचे रक्षण करतात आणि पीएच ३.८ ते ४.५ या मर्यादेत ठेवतात. ज्या विषयावर घरात सासूबाईंसमोर चकार शब्द काढता येत नाही, त्यात कोणी कर्करोगाचे नाव घेतले तर कोणती बाई पैसे मोजणार नाही?

संचातले द्रव पिचकारीने आत घ्यायला सांगितले होते. त्यानंतर आग होऊ लागली आणि मासळीसारखा वास येऊ लागला. जळगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नव्याने नमुना तपासला तेव्हा न्यूजेंट गुण (सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहून ० ते १० मध्ये दिलेला गुण) ८ निघाला. ७ ते १० म्हणजे जिवाणूंचा तोल बिघडलेला. योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते. बाहेरून साधे पाणी पुरते. आत साबण, डेटॉल, सुगंधी द्रव काहीही घालू नका.

पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्हीच स्वखुशीने दिलेत, मग फसवणूक कसली?’ असे ऐकवले गेले, आणि तेही चार पुरुषांसमोर. ग्रामपंचायत म्हणते, आम्ही फक्त सभागृह दिले. आरोग्य खात्याचे अधिकारी म्हणतात, शिबिर आमचे नव्हते. औषधांच्या कचेरीत बाटलीवर परवाना क्रमांक नाही म्हणून तक्रार कोणाविरुद्ध नोंदवायची, असा उलटा प्रश्न मला विचारण्यात आला. परवाना नसणे हीच तर तक्रार आहे! स्त्रियांचे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हे त्यांना मी सांगायचे का?

पावती मागा, तिच्यावर पत्ता नसेल तर पैसे देऊ नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, वास नसलेला स्राव वाढतो, तो आजार नव्हे. दह्यासारखा स्राव व खाज, हिरवट फेसाळ स्राव, किंवा पाळीव्यतिरिक्त रक्त दिसले तर मात्र थेट सरकारी दवाखाना गाठा. तीच मंडळी आता चोपड्याकडच्या गावांत शिबिर भरवत आहेत, असे नणंदेने कळवले आहे.