दर गुरुवारचा बेरोजगारी दाव्यांचा अहवाल: ठळक आकडा सोडा, आतली पानं वाचा

अमेरिकेच्या कामगार खात्याचा बेरोजगारी विमा दाव्यांचा साप्ताहिक अहवाल फुकट मिळतो आणि वेळेवर मिळतो. नोकऱ्यांचं वारं कुठे वळतंय हे सांगणारी इतकी ताजी सरकारी आकडेवारी तिथे दुसरी नाही. गंमत म्हणजे त्यातला सर्वाधिक वाचला जाणारा भाग, म्हणजे पहिल्या परिच्छेदातला ठळक आकडा, हाच सगळ्यात कच्चा आहे. खरा माल आतल्या तक्त्यांत आहे.

अहवाल गुरुवारी सकाळी 8.30 ला (ईस्टर्न वेळ) येतो. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे 6 आणि हिवाळ्यात 7 वाजलेले असतात. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या गुरुवारच्या अमेरिकी सणाच्या) आठवड्यात तो बुधवारीच येतो. आकडे आदल्या शनिवारी संपलेल्या आठवड्याचे असतात, म्हणजे अवघे पाच दिवस जुने. मासिक बेरोजगारी दर घरोघरच्या पाहणीतून काढतात आणि तो महिन्यातून एकदाच येतो. ताजेपणात दाव्यांच्या अहवालाला म्हणूनच पैकीच्या पैकी गुण.

आधी तो काय मोजतो ते पाहू. प्राथमिक दावा म्हणजे बेरोजगारी भत्त्यासाठी केलेला नवा अर्ज, आणि ठळक आकडा म्हणजे आठवड्यातल्या अशा दाव्यांची हंगामी समायोजित संख्या. अर्ज पुढे फेटाळला गेला तरी तो मोजला जातो. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला बहुतेक वेळा भत्ता मिळत नाही, स्वयंरोजगारवाल्यांचा या विम्यात समावेश नाही आणि पात्र असूनही अर्ज न करणारे पुष्कळ. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे दावे वेगळ्या योजनेत जातात, ते ठळक आकड्यात धरत नाहीत. त्यामुळे 'या आठवड्यात इतक्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या' असा मथळा दिसला की समजावं, लिहिणाऱ्याने टिपा वाचलेल्या नाहीत.

आता मुख्य तक्रार, हंगामी समायोजन. जानेवारीच्या सुरुवातीला मूळ आकडा दरवर्षी उसळतो, जुलैत मोटार कारखाने यंत्रं बदलण्यासाठी बंद राहतात, सुट्टीच्या आठवड्यात अर्ज कमी येतात. हे नेहमीचे चढउतार पुसायला खातं प्रत्येक आठवड्यासाठी आगाऊ गुणक ठरवतं. मूळ आकड्याला गुणकाने भागून शंभराने गुणलं की समायोजित आकडा मिळतो. गुणक चुकला, तर कोणाचीही नोकरी न जाता आकडा उडतो किंवा पडतो. कारखान्यांनी बंदचा आठवडा पुढेमागे केला किंवा ईस्टर सरकला की नेमकं हेच होतं.

याचा सगळ्यात बोलका नमुना 6 एप्रिल 2023 चा. त्याआधीचे कित्येक आठवडे दावे 2 लाखांच्या खाली असल्याच्या बातम्या चालू होत्या आणि मजूर मिळत नाहीत असा त्याचा अर्थ लावला जात होता. त्या सकाळी वार्षिक सुधारणेत नवे गुणक लागू झाले आणि 25 मार्चला संपलेल्या आठवड्याचा आकडा 1 लाख 98 हजारांवरून थेट 2 लाख 46 हजार झाला. एकाही राज्याने नवा अर्ज पाठवला नव्हता, बदललं होतं ते फक्त गणित. अशी सुधारणा दरवर्षी वसंतात होते आणि मागच्या पाच वर्षांचे आकडे हलवते. जुना आलेख जपून ठेवून त्याला नवे आकडे जोडत जाणाऱ्यांची फसगत इथेच होते. एप्रिलमध्ये सगळी मालिका नव्याने उतरवून घ्यायची, दुसरा इलाज नाही.

2020 चं प्रकरण वेगळं. मार्चअखेर दावे आठवड्याला 60 लाखांच्या वर गेले आणि इतक्या मोठ्या आकड्याला गुणकाने भागलं की समायोजनच लाखांत जाऊ लागलं. म्हणून 29 ऑगस्टला संपलेल्या आठवड्यापासून खात्याने भागाकार सोडून बेरीज-वजाबाकीची पद्धत घेतली. समायोजित आकडा 10 लाखांच्या वरून 8 लाख 81 हजारांवर आला, म्हणजे परिस्थिती बरीच सुधारल्यासारखी दिसली. मूळ आकडा मात्र साडेसात हजारांनी वाढून 8 लाख 33 हजार झाला होता. त्या काळातल्या लेखांमधले आकडे आजच्या मालिकेशी जुळत नाहीत, ते याचमुळे.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी असमायोजित रकाना पाहा आणि तो गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडा. हा आकडा अहवालात शेजारीच छापलेला असतो. सुट्टी दोन्ही वर्षी त्याच आठवड्यात आहे ना, एवढं तपासा. मग चार आठवड्यांची सरासरी. ठळक आकडा सगळ्यात शेवटी, तोही कच्चा आणि पुढच्या गुरुवारी सुधारला जाणारा.

त्यानंतर राज्यांचा तक्ता. अहवालाचं सोनं इथे आहे आणि वाचणारे सगळ्यात कमी. 6 सप्टेंबर 2025 ला संपलेल्या आठवड्यात ठळक आकडा 2 लाख 63 हजारांवर गेला आणि मंदीची चर्चा सुरू झाली. तक्ता उघडला तर एकट्या टेक्सासमध्ये 15 हजारांवर वाढ. दुसऱ्यांच्या ओळखीवर खोटे अर्ज करण्याचे प्रयत्न वाढल्याचं तिथल्या यंत्रणेने सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात आकडा खाली आला. मे 2023 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येही असंच झालं होतं. उलट उदाहरण ऑक्टोबर 2024 चं: दावे 33 हजारांनी वाढून 2 लाख 58 हजार झाले आणि सगळं खापर हेलीन वादळावर फुटलं. नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडापुरतं ते खरं होतं, पण मोठी वाढ मिशिगनमध्येही होती आणि तिथे वादळ नव्हतं.

एक हजारापेक्षा जास्त वाढ किंवा घट झालेल्या राज्यांची यादी कारणांसकट दिलेली असते, ती जरूर वाचा. कारणं राज्यंच लिहून पाठवतात, त्यामुळे कुठे 'वस्तुनिर्माण उद्योगात कपात' असं नेमकं मिळतं तर कुठे 'टिप्पणी नाही'. ही यादी मुख्य आकड्याच्या एक आठवडा मागची असते. या आठवड्याच्या उसळीला मागच्या आठवड्याचं कारण चिकटवण्याची चूक बातम्यांतही सर्रास दिसते.

चालू दावे, म्हणजे भत्ता घेत राहिलेल्यांचे साप्ताहिक दावे, हेही एक आठवडा मागे असतात. 2025 मध्ये खरी गोष्ट यांनीच सांगितली. प्राथमिक दावे सव्वादोन लाखांच्या आसपास शांत होते, पण चालू दावे 19 लाखांच्या वर चढले. कंपन्या काढत नव्हत्या आणि घेतही नव्हत्या, म्हणून एकदा बाहेर पडलेला माणूस बाहेरच राहत होता. फक्त चालू दावे घटले म्हणून लगेच खूश होऊ नका. बहुतेक राज्यांत भत्ता जास्तीत जास्त 26 आठवडे आणि फ्लोरिडात सध्या 12 च. मुदत संपलेला माणूस काम न मिळताही यादीतून गळतो.

अहवालाची पीडीएफ वाचायला बरी, हिशोबाला निरुपयोगी. त्यासाठी सेंट लुईस फेडरल रिझर्व्हची 'फ्रेड' ही मोफत सेवा घ्या. समायोजित प्राथमिक दाव्यांचा कोड आयसीएसए, असमायोजित आयसीएनएसए, चालू दावे सीसीएसए. मालिका 1967 पासून आहे. आलेख उघडला की 2020 च्या सुळक्यापुढे बाकी सगळं सपाट दिसतं, तेव्हा सुरुवातीची तारीख पुढे घ्या किंवा लॉग स्केल (पटींत वाढणारी मोजपट्टी) लावा.

दोन ठिकाणी पाय हमखास घसरतो. साप्ताहिक मालिका मासिक करताना 'सरासरी' निवडा. 'बेरीज' निवडली तर पाच शनिवार असलेला महिना उगाच वाईट दिसतो. दुसरं, दाव्यांना एकूण नोकऱ्यांनी भागताना एककं पाहा: आयसीएसए सुट्या संख्येत आहे, तर नोकऱ्यांची पेएम्स (PAYEMS) मालिका हजारांत. ए म्हणजे आयसीएसए आणि बी म्हणजे पेएम्स धरा, म्हणून सूत्र ए भागिले (बी गुणिले 1000), त्याला 100 ने गुणा. हा भागाकार केल्याशिवाय 1982 च्या 6 लाख 95 हजारांची आजच्या आकड्याशी तुलना करणं व्यर्थ, कारण तेव्हा नोकऱ्याच आजच्या जवळजवळ निम्म्या होत्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 च्या सरकारी टाळेबंदीत (शटडाऊन, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने केंद्र सरकारचं कामकाज बंद) साप्ताहिक अहवाल थांबला, पण राज्यांचे आकडे खात्याच्या माहितीसाठ्यात येत राहिले. गुणक आधीच जाहीर असल्याने राज्यांची बेरीज करून राष्ट्रीय आकडा घरबसल्या काढता येत होता. माहितीसाठ्याचं पान दिसायला जुनाट आहे, पण राज्य आणि वर्ष निवडलं की स्प्रेडशीट हातात देतं.

खात्याच्या मुख्य दुव्यावरची पीडीएफ दर गुरुवारी नव्या अंकाने बदलली जाते, म्हणून लागणारा अंक त्याच दिवशी उतरवून ठेवा. एखाद्या तारखेला नेमका कोणता आकडा जाहीर झाला होता हे पाहायचं असेल, तर फ्रेडचीच 'आल्फ्रेड' ही सेवा वापरा. तिथे प्रत्येक सुधारणेआधीची मालिका तारखेनुसार मिळते.