सोलापुरात घर घेताय? सात रस्त्याजवळचा टॉवर की जुळे सोलापूरचं रो-हाऊस

ताई-दाजींना घर घ्यायचंय म्हणून महिनाभर मी त्यांच्यासोबत फिरतोय आणि शेवटी दोनच पर्याय उरलेत, सात रस्त्याजवळ टॉवरमधला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट नाहीतर जुळे सोलापुरातलं रो-हाऊस, पैसे जवळपास तेवढेच.

फ्लॅटची बाल्कनी बघून ताई तिथंच अडकली. एकेकाळी उंच म्हणजे गिरण्यांच्या चिमण्याच, आता तेवढ्या उंचीवरनं तलाव दिसतो, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या वेळी पाळण्यांचे लाइट दिसतील. स्टेशन, नवी पेठ, दवाखाने सगळं जवळ आणि दाजींच्या आईला त्याचंच जास्त पडलंय.

पण मी खाली पार्किंगमध्ये वॉचमनकाकांना गाठलं. आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, मध्ये चार-चार दिवस जातात, मग एवढ्या घरांना खालचा हौद पुरतो का, मे महिन्यात बोअर टिकतं का, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे, आणि लाइट गेली तर जनरेटरवर पंप चालतो का. काका म्हणाले, लिफ्ट चालते, पंप नाही. म्हणजे नवव्या मजल्यावर भर उन्हाळ्यात बादली घेऊन बसायचं.

रो-हाऊसमध्ये दाजींनी हौदाचं झाकण उचलून काठी घातली, छातीएवढा खोल, पूर्ण आपला. गच्ची पण आपली, पापड वाळवा, रात्री झोपा. फक्त वरची खोली एप्रिलपासून तव्यासारखी तापणार आणि गावात जायला प्रत्येक वेळी गाडी काढावी लागणार, हे धरून चाला.

कागदांचं दोन्हीकडं वेगळं आहे. टॉवरला महारेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी), कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी) बघा, रजिस्टर करार होईपर्यंत 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला मागता येत नाहीत. होटगी रोडकडं उंच बिल्डिंग बघत असाल तर विमानतळाची उंचीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला मागाच, 2023 च्या जूनमध्ये विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. रो-हाऊसला एनए (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद), मंजूर लेआउट, आणि जागा गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली आहे का ते आधी विचारा.

माझं मत रो-हाऊसकडं आहे. घरात म्हातारं माणूस असेल आणि पंप जनरेटरवर घ्यायला बिल्डर लेखी तयार झाला तरच फ्लॅट. पुढच्या आठवड्यात नळ यायच्या दिवशी पहाटे आम्ही दोन्हीकडं परत जाणार आहोत, प्रेशर बघायला.