पोर्शे ७१८ केमन गोव्यात: किती चालवावी, किती उभी ठेवावी

वर्षाला पाच हजार किलोमीटर. दोन लिटर इंजिनाची पोर्शेची स्पोर्ट्स कार, ७१८ केमन, गोव्यात ठेवायची असेल तर एवढं रनिंग व्हायलाच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिशोब साधा आहे. पावसाळा सोडून उरलेल्या साधारण ३४ आठवड्यांत आठवड्यातून दोनदा साठ-साठ किलोमीटर गाडी काढली तर चार हजारांवर जातं. जून ते सप्टेंबरच्या १७ आठवड्यांत आठवड्याला एकदा पन्नास किलोमीटर केले की उरलेलं भरतं. आठ-दहा हजार झाले तरी गाडी कुरकुरत नाही, उलट खुलते. रनिंग वर्षाला हजार-बाराशेवर आलं की मात्र खर्च सुरू होतो, कारण गोव्याची खारी, दमट हवा उभ्या गाडीला सोडत नाही.

पेट्रोलच्या ७१८ चं उत्पादन २०२५ साली थांबलं. तेव्हापासून ‘आता हिची किंमत टिकेल, मीटर वाढवू नका’ हा सल्ला जास्तच ऐकू येतो. त्या सल्ल्यापायी गाडी कव्हराखाली जाते आणि आतून कुजते.

गाडी म्हणून ही कशी आहे ते आधी. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, चार सिलिंडरचं आडवं, १९८८ सीसी, टर्बो, ३०० पीएस. ३८० न्यूटन मीटर टॉर्क दोन हजार आरपीएमच्या आसपासच पूर्ण मिळतो, त्यामुळे गावातल्या रस्त्यावरही गिअर न बदलता गाडी उचलते. पीडीके, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह वजन १,३६५ किलो. रुंदी आरसे सोडून १,८०१ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून कदंबा बस आली तरी धडधड होत नाही. पुढच्या डिकीत १५० आणि मागे २७५ लिटर सामान मावतं. दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन मोपा विमानतळावर जायला ही पुरते. आवाज हाच काय तो उणा भाग. आधीच्या केमनच्या सहा सिलिंडरचा सूर या चारांत नाही, आणि ज्याला तोच हवा असेल त्याने ४.० लिटरची जीटीएस बघावी. स्टिअरिंग मात्र असं आहे की करमल घाटातल्या वळणावर पुढची चाकं कुठे आहेत हे तळहाताला कळतं.

आता मुद्दा ‘चालवणं’ म्हणजे काय याचा. मिरामारहून पणजी मार्केटपर्यंत जाऊन परत येणं ही फेरी मीटरवर दिसते, इंजिनाच्या खात्यात मात्र ती तोट्यातच जमा होते. थंड इंजिन सुरू झालं की पेट्रोलचं मिश्रण दाट असतं. त्यातलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, शिवाय जळण्यातून तयार झालेली वाफ गार धातूवर पाणी होऊन बसते. ऑइल नीट तापलं तरच हे दोन्ही उडून जातं. कूलंटचा काटा पाच-सात मिनिटांत ९० वर जातो आणि बहुतेक जण तिथेच फसतात. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. उजवीकडच्या गोल डिस्प्लेवर ऑइलचं तापमान लावून ठेवावं. ८० अंश होईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर जाऊ नये, आणि ९० झाल्यावर किमान वीस मिनिटं गाडी सलग चालू ठेवावी. एकूण ४० ते ५० मिनिटं लागतात. जागेवर उभी करून इंजिन सुरू ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. तसं ऑइल नीट तापत नाही, गिअरबॉक्स आणि ब्रेक तर गारच राहतात.

गरम झाल्यावर दोन-तीनदा दुसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या सरळ रस्त्यावर साडेपाच-सहा हजारांपर्यंत न्यावं. वेगमर्यादा पाळूनही हे होतं, कारण काम आरपीएमचं आहे. घरी येताना शेवटचे दोन किलोमीटर सावकाश यावं म्हणजे टर्बो आपोआप निवतो.

गोव्यात या गाडीची सगळ्यात नाजूक जागा पुढच्या बंपरमध्ये आहे. दोन्ही बाजूंच्या जाळीमागे रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर असतात. वारा थेट तिथे शिरतो आणि वाऱ्याबरोबर कचराही. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत सुरूच्या झाडाच्या काड्या अडकतात: बोटभर लांब, बारीक, एकमेकींत गुंतलेल्या. त्यांवर वाळू बसते, वाळूवर मीठ, आणि पावसात हा सगळा लगदा ॲल्युमिनियमच्या पातळ पंखांना चिकटून ओला राहतो. जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात पंख पांढरे पडलेले, बोट लावताच भुगा होणारे दिसतात. मग एसीचा गॅस सतत कमी होतो, आणि गॅस भरून देणारा मेकॅनिक बहुतेक वेळा गळती कुठे आहे हे पाहतच नाही. चालती गाडी यातून सुटते असं नाही, पण तिचे रेडिएटर तापतात, सुकतात. उभ्या गाडीतला लगदा ओलाच राहतो. वर्षातून दोनदा, मे संपताना आणि गणेश चवथीनंतर, पुढचा बंपर उतरवून हे साफ करून घ्यावं. लांब नळीच्या व्हॅक्युमने काड्या ओढाव्यात, मग साध्या नळाच्या हलक्या दाबाने पाणी मारावं. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला की पंख आडवे होतात आणि हवा जायची बंद होते.

ब्रेकचंही तसंच. डिस्क ओतीव लोखंडाच्या असतात. गाडी धुतली आणि तशीच गॅरेजमध्ये लावली की सकाळी त्यांवर नारिंगी थर दिसतो. एका रात्रीचा गंज पहिल्या चार ब्रेकात निघून जातो. तीन आठवड्यांचा निघत नाही: पॅड जिथे टेकला होता तिथे त्याच्या आकाराचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे ब्रेक दाबताना पेडल थरथरतं. म्हणून धुतल्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवून, सात-आठ वेळा मध्यम जोराने ब्रेक लावून मगच गाडी आत घ्यावी. सपाट जमिनीवर लावताना गिअर पी वर टाकून इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक हाताने सोडावा आणि चाकांना लाकडाचे ठोकळे लावावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेव्हा ते दोन वर्षांनी बदलायचं. इथे किलोमीटर मोजायचे नाहीत, तारीख बघायची.

बॅटरी पुढच्या डिकीत आहे, आणि पुढची डिकी विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण बसली तर तिच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. अशा वेळी पायाजवळच्या फ्यूज पेटीतलं लाल टोक बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीची पॉझिटिव्ह वायर लावतात, निगेटिव्ह दाराच्या धातूला, आणि डिकी उघडून घेतात. अलार्म वाजतो, घाबरू नये, किल्लीने बंद होतो. ही वेळ येऊच नये यासाठी दहा दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावावा. गोव्यात चार्जर घेताना एक गोष्ट आवर्जून बघावी: वीज जाऊन आल्यावर तो स्वतःहून पुन्हा सुरू होतो का. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि बटण दाबायला लावणारा चार्जर पहिल्या खंडानंतर नुसताच लटकत राहतो. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढून ठेवावा. इंजिन बंद करून रात्रभर ठेवल्यावर व्होल्टेज १२.६ च्या वर हवं; १२.२ दिसलं तर बॅटरी निम्म्यावर आली असं समजावं. काही गाड्यांत लिथियम बॅटरी असते, तिला साधा चार्जर चालत नाही.

टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षं झाली की खाचा कितीही खोल दिसोत, बदलावेत. मागचे २६५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालू देतो, पण कोकणातल्या पावसात तीन मिलिमीटरच्या खाली आलेला मागचा टायर घेऊन हमरस्त्यावर जाणं धोक्याचं आहे. हे मे महिन्यातच मोजून घ्यावं. स्पेअर चाक मिळत नाही, फक्त सीलंट आणि कॉम्प्रेसर असतो. सीलंटच्या बाटलीवरही मुदत लिहिलेली असते.

पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खाली नको, शक्य तेव्हा त्याहून वरचं भरावं. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. ५४ लिटरची टाकी तीन महिने अर्धी ठेवणं म्हणजे तिच्यात ओलावा साठवणं. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी आणि इतर वेळी एक टाकी सहा आठवड्यांच्या आत संपवावी. लिटरला नऊ किलोमीटर धरले तर पाच हजारांना साडेपाचशे लिटर लागतं, लिटरमागे शंभर रुपये धरले तर वर्षाला ५५ हजार. एक कंडेन्सर बदलण्याच्या खर्चाशी हे ताडून बघावं.

पावसाळ्यात गाडी चार महिने बंद करून ठेवावी का? नाही. सलग पाऊस असताना काढू नये, पण उघडीप मिळाली की सकाळी साडेसहाला निघावं. पणजीच्या १८ जून रस्त्यासारख्या ठिकाणी पाणी भरलं असेल तर वळून दुसरा रस्ता धरावा. रिमच्या खालच्या कडेपर्यंत पाणी आलं की परत फिरायचं. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शन जोडलेलं हवं, कारण पाणी शिरून इंजिन गेलं तर साधी पॉलिसी सहसा ते देत नाही. काचेखालच्या खाचेत पानं साचून पाण्याच्या वाटा बुजतात, त्या दर पंधरा दिवसांनी हाताने मोकळ्या कराव्यात. ताडपत्रीसारखं कव्हर अजिबात नको, ते ओलावा आत कोंडतं आणि आठवडाभरात सीटच्या शिवणीवर पांढरी बुरशी येते. बंद गॅरेज असेल तर हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर ५५ टक्के आर्द्रतेवर लावावा. यावर केलेला खर्च सत्कारणी लागतो.

रस्त्यांबद्दल. पहाटेचा राष्ट्रीय महामार्ग ६६ ऑइल तापवायला सगळ्यात चांगला: अटल सेतूवरून उत्तरेला धारगळपर्यंत, किंवा झुआरीचा नवा पूल ओलांडून दक्षिणेला. वळणांसाठी काणकोणकडे करमल घाट. चोर्ला घाट सुंदर आहे, पण पावसाळ्यात तिथे धुकं दाटतं आणि खड्डे दिसत नाहीत. खनिजाचे ट्रक चालतात त्या डिचोली-सांगे भागात गाडी नेली तर तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. तिथून आल्यावर कोरड्या फडक्याने गाडी पुसू नये, रंगावर ओरखडे पडतात. वाड्यावाड्यांतले उंच गतिरोधक तिरके घ्यावेत, एक चाक आधी आणि एक नंतर. फेरीबोटीच्या रॅम्पवर ओहोटीच्या वेळी नेऊच नये, पुढचा ओठ हमखास घासतो.

जुनी ७१८ घेताना हेच सगळं उलट्या बाजूने वाचावं. २०१९ ची गाडी आणि मीटरवर साडेतीन हजार, असं दिसलं तर भाव वाढवून देऊ नये, तपासणी वाढवावी. त्याच वर्षाची तीस हजार चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी आम्ही आधी निवडू. टॉर्च घेऊन बंपरच्या दोन्ही जाळ्यांत बघावं, टायरवरचे चार आकडे वाचावेत, डिस्कच्या आतल्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत का ते आरशाने पाहावं, एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवावी आणि दोन्ही बाजूंचे पंखे फिरतात का ते हात लावून नव्हे, कान देऊन ऐकावं. सर्व्हिसच्या नोंदींत ब्रेक ऑइलची तारीख शोधावी. ती दोन वर्षांहून जुनी असेल तर त्या मालकाने फक्त मीटर जपलेलं असतं.