काठ सजवायचा की पात्र मोकळं करायचं? पूरनाल्याच्या हरितपट्ट्यासाठी सही करण्याआधी

नाल्याकडेच्या जाळीत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बघितल्या की मागच्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. हरितपट्ट्याचं चित्र घेऊन कुणी सह्या मागायला आलं, तर आधी त्या पिशव्या बघाव्यात आणि मग चित्र. झाडं, बाक, सायकलवरची मुलं चित्रात असतातच. पण पिशव्या ज्या उंचीवर लटकताहेत, त्या उंचीच्या खाली चित्रात काय काय मांडलंय, हे विचारणारा माणूस सभेत एखादाच निघतो.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘हरितपट्टा’ म्हणताना दोन अगदी वेगळ्या योजना बोलल्या जातात. पहिलीत काँक्रीटचा नाला आहे तसाच राहतो. काठावर चालायची-सायकलची वाट, झाडं आणि दिवे येतात. दुसरीत काँक्रीट फोडतात, पात्र रुंद करतात, त्याला वळणं देतात, आणि एरवी जी बाग असते तीच जमीन पुरात नदी होते. पाणी भलतीकडे वळवून जुन्या पात्रात बाग करायची, असा तिसराही प्रकार आहे, पण तो फार कमी ठिकाणी जमतो.

पहिल्या योजनेला सह्या भराभर मिळतात, कारण कुणालाच काही सोडावं लागत नाही. दुसरीला त्या रडतखडत मिळतात. पण तिथे लोक आपली जागा, पैसा किंवा सवय पणाला लावून ‘हो’ म्हणालेले असतात, त्यामुळे तो पाठिंबा पहिल्या पुरात वाहून जात नाही. जागा असेल तर मी दुसरीच्या बाजूचा. सगळी गोम त्या ‘जागा असेल तर’मध्ये आहे.

रुंदीचं गणित

काँक्रीट गुळगुळीत असतं, म्हणून पाणी सुसाट जातं. तोच उतार, पण तळाला दगड आणि काठाला गवत-झुडपं असली की वेग निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. वेग घटला तर तेवढंच पाणी न्यायला पात्र त्याच पटीत मोठं लागतं. त्यामुळे ‘काँक्रीट काढा आणि झाडं लावा’ ही मागणी कानाला कितीही गोड वाटली, तरी रुंदी न वाढवता ती मान्य करणं म्हणजे शेजारच्या घरात पाणी शिरायला वाट करून देणं.

प्रत्येक सादरीकरणात सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ पार्कचा फोटो असतो. काम खरंच देखणं आहे. 2012 पर्यंत तिथे कलांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळसोट काँक्रीट नाला मोडून 3.2 किलोमीटरची वळणदार नदी केली गेली. मूळ नाला 17 ते 24 मीटर रुंद. नवं पात्र पुराच्या वेळी जवळपास 100 मीटरपर्यंत पसरू शकतं. पाणी चढू लागलं की भोंगे वाजतात, लोक वर सरकतात. आता तिथे पाणमांजरंही दिसतात. पण फोटो दाखवणारा एक गोष्ट सांगायला विसरतो: नाल्याच्या शेजारी आधीपासूनच मोठी सार्वजनिक बाग होती. नदीला पसरायला आयती जागा मिळाली, कुणाचं घर हलवावं लागलं नाही. जिथे नाल्याच्या भिंतीलाच घरांच्या भिंती टेकल्या आहेत, तिथे हा फोटो दाखवणं म्हणजे निव्वळ दिशाभूल.

जागा नसताना काय करावं लागतं ते कॅलिफोर्नियातल्या नापा नदीवर बघावं. लष्कराच्या अभियंत्यांनी आखलेले आधीचे आराखडे तिथल्या मतदारांनी 1970 च्या दशकात नाकारले होते. 1986 मध्ये मोठा पूर आला. त्यानंतर पर्यावरणवाले, शेतकरी, व्यापारी आणि अभियंते एका टेबलाशी बसले आणि नदीला जागा देणारा आराखडा निघाला: काही मालमत्ता विकत घेऊन पाडायच्या, पूल उंच करायचे, पुराचं पाणी शहराच्या मध्यातून काढून द्यायला एक जोडपात्र खणायचं. 1998 मध्ये त्यासाठी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मतदानाला ठेवला. दोन तृतीयांश मतं हवी होती, ती जेमतेम मिळाली. जोडपात्र पुरं व्हायला 2015 उजाडलं. एरवी ते मैदान असतं. लोक तिथे फिरतात, कार्यक्रम होतात. ‘सर्वांचा भरघोस पाठिंबा’ असं जिथे सांगतात, तिथे मला नापाचं ते जेमतेम बहुमत आठवतं. दुकानात बिल देताना प्रत्येक जण वर्षानुवर्षं तो कर भरत होता. अशा ‘हो’चं वजन शंभर सह्यांना येत नाही.

काठाची वाट वाईट नाही, पण…

जागाच नसेल तर पहिली योजनाही चांगली आहे. तिला कमी लेखू नये. लॉस एंजेलिस नदी 1938 च्या पुरानंतर जवळपास पूर्ण काँक्रीटमध्ये बसवली गेली. लांबी 82 किलोमीटर, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ती नदी आहे हेच ठाऊक नव्हतं. 1980 च्या दशकात लुईस मॅकअ‍ॅडम्स नावाचा कवी काही मित्रांबरोबर कुंपण कापून पात्रात उतरला, आणि त्यातून नदीची मित्रमंडळी उभी राहिली. आधी साफसफाईला माणसं आली, मग काठाने सायकलच्या वाटा झाल्या, 2007 मध्ये शहराचा आराखडा आला. काँक्रीट बहुतांशी अजून तिथेच आहे. पण काठावर रोज चालणारी माणसं नसती, तर ते फोडायचा विषयही कुणी काढला नसता. वाट ही पायरी आहे, असं मानून सही करणार असाल तर जरूर करा. फक्त तिला पूर-उपाय समजू नका: वाट झाली म्हणून नाल्यात एक थेंबही जास्त मावत नाही.

या वाटेचा खरा खर्च पुरानंतर कळतो. पाणी ओसरलं की वाटेवर लोण्यासारखा गाळ उरतो. ओला असताना फावड्याने निघतो; दोन दिवस ऊन लागलं की विटेसारखा बसतो आणि काढताना खालचा थरही उखडतो. ह्यूस्टनमध्ये 2012 साली मतदारांनी बायूंच्या, म्हणजे तिथल्या संथ वाहणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या, काठच्या हरितपट्ट्यांसाठी दहा कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. 2017 च्या हार्वी वादळानंतर तिथल्या बफेलो बायू पार्कमधला गाळ उपसायला कित्येक महिने गेले. बाग बुडणार हे धरूनच ती आखलेली होती, म्हणून पुन्हा उभी राहिली. तुमच्यासमोरच्या आराखड्यात गाळ काढायचं काम कुणाच्या नावावर आहे? ‘स्थानिक स्वयंसेवक’ असं उत्तर आलं तर मी तरी सही करणार नाही. स्वयंसेवक पहिल्या पुराला येतात. तिसऱ्या पुराला कोण येतं?

कुणाच्या सह्या नाहीत?

अशा एका सभेत मी सह्यांचे कागद चाळले होते. टेकाडावरच्या सोसायट्यांच्या पानंच्या पानं भरलेली. नाल्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांच्या सह्या शोधाव्या लागल्या. विचारलं तर आयोजक म्हणाले, ‘ते दिवसभर कामावर असतात, सापडत नाहीत.’ ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येतं आणि हरितपट्टा झाल्यावर ज्यांचं भाडं वाढतं, नेमके तेच सापडत नाहीत! लॉस एंजेलिसमध्ये नदीकाठच्या एलिझियन व्हॅलीत नदीचं नाव झालं तशी घरांची किंमत चढली, आणि जुन्या भाडेकरूंना तो भाग परवडेनासा झाला.

दक्षिण कोरियात सोलमधल्या चोंग्ये-चॉन ओढ्याचं उदाहरण याहून बोलकं. वरचा उन्नत रस्ता पाडून 2003 ते 2005 या दोन वर्षांत 5.8 किलोमीटरचा ओढा खुला केला. जगभर कौतुक झालं. त्यातलं पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणावं लागतं, म्हणजे विजेचं बिल कायमचं मागे लागलंय. पण ते एक वेळ सोडू. तिथल्या फेरीवाल्यांना हलवून एका जुन्या स्टेडियममध्ये जागा दिली, आणि काही वर्षांत ते स्टेडियमही दुसऱ्या प्रकल्पासाठी पाडलं. पर्यायी जागेचा शब्द किती वर्षांसाठी आहे, हे लेखी मागायचं ते यासाठी.

राहिला तिसरा प्रकार. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेला नव्या वाहिनीत वळवली आणि जुन्या पात्रातून महामार्ग काढायचं ठरलं. ‘तुरियाचं पात्र आमचं आहे, आम्हाला ते हिरवं हवं’ म्हणत लोक उभे राहिले, आणि आज तिथे कित्येक किलोमीटर लांब बाग आहे. लोकांच्या रेट्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मात्र ऑक्टोबर 2024 च्या पुरात जुनं शहर बचावलं, आणि नव्या वाहिनीपलीकडच्या गावांत, मुख्यतः एका वेगळ्याच ओढ्याच्या पाण्याने, हाहाकार झाला. त्या प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली. आपला नाला सुटला म्हणजे आजूबाजूचं पाणी सुटलं असं नसतं. खालच्या अंगाला राहणाऱ्यांना सभेला बोलावलंय का, तेही बघावं.

तेव्हा सही मागायला येणाऱ्याला मी एकच काम सांगतो. मोठ्या पुराच्या पाण्याची पातळी कागदावर नको, जागेवर आखून दाखवा: विजेच्या खांबांवर, घरांच्या भिंतींवर, प्रस्तावित बाकांच्या जागी खुंट्या ठोकून, चुन्याची रेघ मारून. आजच्या नाल्याची एक रेघ, योजना झाल्यानंतरची दुसरी. दुसरी रेघ पहिलीच्या खाली आली, तर भिंतीलगतच्या घरांकडे सह्या मागायला मीही बरोबर येईन.