हमीपत्र की देखरेख? विद्यापीठांच्या क्रीडा विभागांसाठी तुलनात्मक आढावा

विद्यापीठातील हौशी खेळांची व्यवस्था पाहणाऱ्यांपुढे अंदाजपत्रकाच्या वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो: कायदेशीर दायित्वापासून बचाव व्हावा म्हणून भर कशावर द्यायचा, विद्यार्थ्यांकडून सही करून घेतलेल्या हमीपत्रांवर (इजा झाल्यास संस्थेला जबाबदार धरणार नाही, अशी लेखी कबुली) की प्रशिक्षित देखरेख आणि साधनांच्या तपासणीवर? दोन्ही हवेत हे उघडच आहे. परंतु पैसा अपुरा असेल तर तो आधी देखरेखीकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हमीपत्राला खर्च जवळजवळ नसतो आणि त्याचा एक उपयोग निर्विवाद आहे: घोटा मुरगळणे, खेळताना टक्कर होणे असे खेळाचे अंगभूत धोके खेळाडूला माहीत होते, हे त्यावरून दाखवता येते. संस्थेच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा प्रश्न आला की मात्र त्याची ताकद देशागणिक बदलते. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचे किंवा शारीरिक इजेचे दायित्व कराराने झटकण्यास ब्रिटनमध्ये 1978 पासून कायद्यानेच मज्जाव आहे. अमेरिकेत अनेक राज्ये प्रौढ व्यक्तीने समजून केलेली सही मान्य करतात; वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1988 मध्ये वॅगेनब्लास्ट खटल्यात, शालेय खेळांसाठी सक्तीने घेतलेली अशी पत्रे सार्वजनिक हिताच्या विरोधी ठरवली. शिवाय घोर निष्काळजीपणाला या पत्राचे कवच सहसा मिळत नाही आणि अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या सहीवर विसंबता येत नाही.

देखरेख महाग पडते आणि ती रोजची असते, पण अपघात टाळण्याचे काम तीच करते. हलवता येणारा गोलपोस्ट जमिनीला नीट जखडलेला नसेल आणि कोणी त्याच्या आडव्या दांड्याला लोंबकळले, तर तो अंगावर कोसळतो. अशा अपघातांत मुलांचे जीव गेले आहेत. हृदयक्रिया अचानक बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याचा प्रथमोपचार) आणि विजेचा झटका न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, त्यामुळे कुलूपबंद कार्यालयात ठेवलेला डिफिब्रिलेटर (हा झटका देणारे यंत्र) संध्याकाळच्या सामन्यात निरुपयोगी ठरतो. गेटिसबर्ग कॉलेजविरुद्धच्या खटल्यात 1993 मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने नेमक्या अशा आणीबाणीसाठी तयारी ठेवण्याचे कर्तव्य मान्य केले. त्या खटल्यातील, हृदयक्रिया बंद पडलेला खेळाडू महाविद्यालयाने संघासाठी स्वतःहून निवडून आणलेला होता. हौशी खेळाडूबाबत न्यायालय तितके पुढे जाईलच असे नाही, तरी तयारीची गरज त्याने कमी होत नाही.

देखरेखीतही एक धोका आहे, तो तपासणीच्या नोंदवहीचा. दोष आढळल्याची नोंद आहे आणि दुरुस्तीची नाही, तर तीच वही न्यायालयात संस्थेविरुद्धचा पुरावा ठरते, कारण धोका ठाऊक असूनही काही केले नाही हे त्यातून सिद्ध होते. म्हणून प्रत्येक नोंदीत काय आढळले, कोणाला कळवले, साधन केव्हा बाजूला काढले आणि कोणी दुरुस्त केले, या चारही गोष्टी असाव्यात.

विमा हा या दोहोंचा पर्याय नव्हे. सर्वसाधारण दायित्व विम्यात खेळणाऱ्यांच्या इजा अनेकदा वगळलेल्या असतात, तेव्हा अपवादांची कलमे आधी वाचावीत.

निर्णय घेताना प्रत्येक खेळाचा वेगळा विचार करावा. बॅडमिंटनसाठी स्पष्ट हमीपत्र, नियमित तपासणी आणि प्रथमोपचाराची सोय बहुधा पुरेशी ठरते; पोहणे, गिर्यारोहण किंवा रग्बी यांच्यासाठी जाणकार माणूस हजर ठेवता येत नसेल, तर त्या वेळेत ती सुविधा बंद ठेवावी.