‘निकेल-फ्री’ पट्ट्याची खाज

स्मार्टवॉचसाठी ऑनलाइन पट्टा बघताना ‘३१६एल स्टेनलेस स्टील, १०० टक्के निकेल-फ्री’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो पट्टा घेऊ नका. ३१६एल या स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतंच, आणि काहींच्या त्वचेला या धातूची अ‍ॅलर्जी असते. चांगल्या स्टीलमधून ते फारसं बाहेर येत नाही, म्हणून बहुतेकांना काही होत नाही. पण एकाच ओळीत ३१६एल आणि निकेल-फ्री लिहिणाऱ्याला एक तर स्टील कळत नाही, नाहीतर गिऱ्हाईक कळतं.

मला हे मनगट सोलवटून निघाल्यावर कळलं.

घड्याळ नावाजलेल्या कंपनीचं, पावतीसकट घेतलेलं. त्याचा रबरी पट्टा तुटला म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून काळा, जाळीचा, चुंबकाने बंद होणारा पट्टा मागवला. वर्णनात हेच, ३१६एल आणि निकेल-फ्री. किंमत ६९९ रुपये, परत करायची मुदत सात दिवस. त्या सात दिवसांत पट्टा झकास वाटला. मग उन्हाळा आला. आमच्या चिपळुणात एप्रिल-मे म्हणजे पंख्याखाली बसूनही घाम निथळतो. कडेकडेने काळा रंग उडून खालची पिवळट चकाकी दिसू लागली आणि मनगटाला खाज सुटली. आधी लाल पुरळ, मग बारीक पाण्याचे फोड, मग खपल्या.

मेडिकलवाल्याने लांबूनच बघून ‘नायटा’ ठरवला आणि एक ट्यूब पुढे केली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकातच. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय लावू नका. स्टेरॉइडने लाली दबते, मूळ कारण तसंच राहतं आणि डॉक्टरांना बघायला खरं चित्र उरत नाही. मी ती घेतली नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी घड्याळ परत हातावर ठेवायला लावलं. पट्टा जिथे टेकतो तिथे सगळीकडे पुरळ, आतल्या बाजूला चुंबकाच्या पट्टीखाली सगळ्यात जास्त. घड्याळाच्या पाठीखालची गोल जागा मात्र स्वच्छ. “घाम-साबण अडकून झालं असतं तर सगळ्यात आधी इथे झालं असतं,” त्या म्हणाल्या, “कारण ओल इथेच राहते.” मग विचारलं, “इमिटेशनची कानातली चालतात का तुम्हाला?” नाही चालत. कॉलेजपासून कान चिघळतात. जीन्सच्या बटणाखाली पोटावर डाग? तोही आहे. ही निकेलची अ‍ॅलर्जी. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते सहसा जात नाही. आणि पुरळ लगेच येत नाही, संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे संशय भलत्याच गोष्टीवर जातो.

विक्रेत्याला कळवलं तर चॅटवर उत्तर आलं, ‘आपली स्किन सेन्सिटिव्ह आहे. पट्टा सैल बांधा. रिटर्नची मुदत संपली आहे.’ माझी त्वचा सेन्सिटिव्ह आहेच, म्हणून तर निकेल-फ्री मागवला होता!

इथे माझी नणंद कामी आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. “वहिनी, तक्रार करायच्या आधी त्या वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा,” हे तिचं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी पट्टा लॅबमध्ये नेला. डायमिथाइलग्लायॉक्झिमचे दोन थेंब आणि थोडा अमोनिया कापसाच्या बोळ्यावर घेऊन रंग उडालेल्या जागी अर्धा मिनिट घासला. बोळा गुलाबी झाला. निकेल सुटत असलं की हा रंग येतो; निकेल ओळखायला बीएस्सीची मुलं हेच रसायन वापरतात. चांगल्या ३१६एलवर तो सहसा येत नाही. म्हणजे ही स्वस्त धातूवर निकेलचा मुलामा देऊन वरून काळा रंग फासलेली वस्तू. घामातल्या मिठाने रंग गेला आणि निकेल थेट कातडीला लागलं. (उलट, बोळा पांढराच राहिला म्हणजे वस्तू निर्धोक, असं मात्र समजू नका.)

पक्की खात्री पॅच टेस्टने झाली, पण ती थंडीत. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांचे ठिपके चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढचे एक-दोन दिवस पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही नको. मे महिन्यात चिपळुणात हे कोणी करून दाखवावं. निकेलचा ठिपका लालभडक होऊन फुगला, बाकीचे शांत.

तक्रार मात्र थंडीपर्यंत थांबवली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर ती नोंदवली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, गुलाबी बोळ्याचा फोटो आणि तो स्क्रीनशॉट. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. हे वाक्य ईमेलमध्ये घातल्यावर ‘मुदत संपली’चं पालुपद थांबलं. दरम्यान वस्तूच्या वर्णनातून ‘निकेल-फ्री’ हा शब्द गुपचूप गायब झाला होता. स्क्रीनशॉट नसता तर मीच खोटी ठरले असते. शेवटी पट्ट्याचे पैसे परत आले. डॉक्टरांची फी आणि पॅच टेस्टचा खर्च माझ्या पदरचा.

नावाजलेल्या कंपनीच्या वस्तूनेही पुरळ येऊ शकतं. २०१४ मध्ये फिटबिटने ‘फोर्स’ नावाचा, पावलं मोजणारा मनगटी पट्टा पुरळाच्या तक्रारींमुळे परत मागवला होता, एकट्या अमेरिकेत सुमारे १० लाख नग. पण तिथे कंपनीला नाव-पत्ता होता. माझ्या विक्रेत्याच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र ‘असा गाळा नाही’ असा शेरा घेऊन परत आलं.

आता कापडी पट्टा वापरते, बक्कलही प्लास्टिकचं. तोच काळा जाळीचा पट्टा, तोच फोटो, हल्ली दुसऱ्या विक्रेत्याच्या नावावर ‘त्वचेला सुरक्षित’ म्हणून दिसतो. मी मुद्दाम प्रश्न टाकला, निकेल तपासणीचा अहवाल मिळेल का? उत्तर आलं, ‘हो मॅडम, वॉटरप्रूफ आहे.’